आधी माफी, मग लॅपटॉप

आमच्या बेटावरच्या क्लुंगकुंग गावात बाजारामागे एक अरुंद गल्ली आहे. तिथे एका बाजूला नारळ सोलणारा आणि दुसऱ्या बाजूला देवळासाठी झालरीच्या छत्र्या शिवणारी बाई, अशा दोघांच्या मधल्या गाळ्यात काडेक आर्दानाचे दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. त्याचे वडील इथे बसून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, तेव्हाही नव्हती. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्ही भिंतीला चिकटले आणि लॅपटॉप आले, तरी गल्लीतली माणसे अजून "रेडिओवाल्याकडे टाकलाय" असेच म्हणतात. काडेकलाही त्यात काही वावगे वाटत नाही.

ठेंगणा, अंगाने भरलेला, चालताना पावलांचा आवाज न करणारा असा हा माणूस. विचारात पडला की खालचा ओठ दातांखाली धरतो. जुनी गिऱ्हाइके यंत्राकडे बघतच नाहीत, त्याच्या ओठाकडे बघतात. ओठ सुटला की समजायचे, रोगाचे नाव सापडले.

त्याची कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी. गिऱ्हाईक आले की तो यंत्राला हातच लावत नाही. आधी माणसाला बाकावर बसवतो, पेल्यात गाळाची कॉफी ओततो आणि विचारतो, "शेवटचं काय केलंत?"

प्रत्येक जण पहिल्यांदा एकच उत्तर देतो, "काहीच नाही."

काडेक मान डोलावतो. वाद घालत नाही. कॉफीचा गाळ खाली बसायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाच्या मनातले वर येते, असा त्याचा अनुभव आहे. अर्धा पेला संपतो न संपतो तोच गिऱ्हाईक खाकरते. "म्हणजे तसं काही नाही, पण त्यावर थोडा रस्सा सांडला होता." किंवा, "मेहुण्याने जरा उघडून बघितला होता." मग काडेक यंत्र पुढे ओढतो. रागवत नाही, हसतही नाही. रोज सकाळी त्याची आई दुकानातल्या प्रत्येक यंत्रावर फुले आणि भाताची शिते ठेवलेली पानाची चिमुकली परडी ठेवते. त्यातली शिते कळफलकात पडतात आणि ती चिमट्याने काढण्यात काडेकची निम्मी सकाळ जाते. तेव्हा दुसऱ्याला काय बोलणार?

एक गोष्ट मात्र तो येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी आतल्या सामानाची प्रत काढायची. यंत्र दुसरे मिळते, आतले मिळत नाही. हे तो इतक्या वेळा म्हणतो की पलीकडच्या नारळवाल्यालाही पाठ झाले आहे. आणि तरीही यंदा न्येपीच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या मौनदिवसाच्या, आदल्या दिवशी हे वाक्य तो स्वतःच विसरला.

लॅपटॉप होता रेंतीचा. रेंती पहाटेच्या बाजारात तांदळाची जाजा विकते. गुळाची, नारळाची, केळीच्या पानात उकडलेली. सबंध बाजाराच्या वर तिचा आवाज ऐकू येतो. वस्तीतल्या बायकांचा गामेलानचा, म्हणजे पितळी पट्ट्यांच्या वाद्यांचा, ताफा आहे, त्याची ती म्होरकी. सगळे तिला म्बोक रेंती म्हणतात, म्हणजे रेंतीताई. तिच्याहून मोठेसुद्धा.

तिने लॅपटॉप बाकावर ठेवला आणि कॉफीची वाट न बघता बोलायला सुरुवात केली.

"ब्ली काडेक, हा उठत नाही. नाव दाखवतो, गोल गोल फिरतो, विझतो. परत नाव दाखवतो. माझ्या सासऱ्यांसारखं चाललंय त्याचं."

ब्ली म्हणजे दादा. काडेकने पेला पुढे केला. "शेवटचं काय केलंत, म्बोक?"

"काहीच नाही."

काडेकने मान डोलावली. रेंतीने दोन घोट घेतले, छत्र्यांकडे बघितले, परत एक घोट घेतला.

"तो म्हणत होता, बंद करू नका."

"मग?"

"मग काय? मला बाजारात जायचं होतं. जाजा काय त्याच्यासाठी थांबणार आहे?"

काडेकने ओठ दातांखाली धरला. लॅपटॉप उलटा केला, तर पोट फुगलेले. बॅटरी टम्म झाली होती. ती त्याने आधी बाहेरची खिटी सरकवून काढली आणि बाजूला ठेवली. "ही गेली. आता हा नुसत्या वायरीवर चालेल. आत काही मोलाचं आहे का?"

रेंती नेहमी मोठ्याने बोलते, पण आता तिचा आवाज खाली आला. "पेकाक रेगिग आहेत."

पेकाक रेगिग म्हणजे रेगिग आजोबा, बायकांच्या ताफ्याचे गुरू. काडेकने त्यांना लहानपणापासून पाहिलेले. आमच्याकडे वाजवणे कागदावरून शिकवत नाहीत. गुरू वाद्याच्या पलीकडे, शिष्यासमोर बसतो आणि उलट बाजूने तीच पट्टी ठोकतो. शिष्याने त्याच्या हातोडीकडे बघत जायचे, बोटाला बोट जुळवत जायचे. रेगिग आजोबांनी बायकांना देवळातली एक जुनी रचना शिकवायला घेतली होती. ती येणारे तालुक्यात ते एकटेच उरले होते. सुरुवात झाली, मधला भाग झाला. शेवटचा भाग फार वेगाचा. तो त्यांनी एकदाच, सलग एका दुपारी वाजवून दाखवला, प्रत्येक वाद्याच्या पलीकडे बसून. रेंतीने शिष्याच्या खांद्यावरून त्याचे चित्रण केले. त्यानंतर पंधरवड्यात आजोबा गेले. चित्रण केलेला फोन पुढे जाजाच्या पिठात पडला. राहिला तो हा लॅपटॉप.

"पुढच्या पौर्णिमेला देवळाचा उत्सव आहे," रेंती म्हणाली. "सबंध रचना वाजवायची ठरलीय. शेवटच्या भागात आम्ही अजून अडखळतो. रोज तालमीला आजोबांना लावतो आणि त्यांच्यासमोर बसतो. तेच नसले तर अर्ध्यातच थांबावं लागेल हो. आणि परत कधी कुणाला येणारही नाही."

"होईल," काडेक म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द फार सहज जातो.

दुसऱ्या कामांच्या गर्दीत लॅपटॉप राहिला आणि न्येपीचा आदला दिवस उजाडला. त्या दिवशी दुपारपर्यंत गल्ली रिकामी होते. काडेकने लॅपटॉप घरी नेला. प्रत काढायची तर पाठ उघडून डिस्क बाहेर काढायला हवी होती, आणि नेमका एका स्क्रूचा माथा झिजलेला. तो त्याच्याशी झटत असताना वस्तीतली पोरे धावत आली. संध्याकाळी मिरवायच्या राक्षसाचा, आमच्या ओगो-ओगोचा, डावा डोळा पेटत नव्हता. इतका मेहनतीने केलेला बांबू-कागदाचा राक्षस, आणि एका डोळ्याने चकणा!

"पलीकडच्या वस्तीवाले हसतील, ब्ली!"

राक्षसाची अब्रू मोठी की स्क्रू? काडेकने स्क्रू सोडून दिला. लॅपटॉपच्या पोटात, यंत्र चालवणारी मूळ व्यवस्था पुन्हा बसवून देणारा एक भाग असतो. तो उघडल्यावर पडद्यावर स्वच्छ विचारणा झाली, तुमच्या फायली ठेवायच्या का? काडेकने "ठेवा" म्हटले, वायर भिंतीत खोचली, टक्के सरकू लागलेले पाहिले आणि तो राक्षसाचा डोळा बघायला गेला.

डोळा पेटला. इतका पेटला की मिरवणुकीत पुढच्या रांगेतले एक बाळ भोकाड पसरून रडले आणि पोरांनी काडेकला खांद्यावर घेतले. तो घरी आला तेव्हा अंगाला मशालींच्या धुराचा वास आणि कानात ढोलांचा दणदणाट. लॅपटॉप बघितला तर टक्क्यांचा आकडा अजून तिशीतच रेंगाळत होता.

आई पडवीत उद्यासाठी भात झाकून ठेवत होती. बायको दक्षिणेकडच्या हॉटेलात कामाला. न्येपीला पाहुण्यांबरोबर कर्मचाऱ्यांनाही आतच राहावे लागते, त्यामुळे घरी दोघेच.

"मेमे," काडेक आईला म्हणाला, "हे यंत्र सकाळपर्यंत संपलं नाही तर चालू राहू दे हं. मागच्या खोलीतच आहे. पडदा मिटलेला. उजेड नाही, आवाज नाही."

"न्येपीला?"

"मी काम करत नाही, मेमे. ते करतंय."

"त्याला कामाला कुणी लावलं?"

"मी. पण आज. उद्या नाही."

"म्हणजे गड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की न्येपीला शेत नांगरलं तरी चालतं? हुशार आहेस!"

"मेमे, गडी नाही तो. लॅपटॉप आहे."

"मग त्याच्यावर रोज फुलं कशाला वाहते मी?"

आई हसली, त्यावरून तिने मान्य केले असे त्याने धरले. आपल्या आईला सत्तर वर्षे झाली आणि आपण तिला पंचेचाळीस वर्षे ओळखतो, तरी तो हे धरून बसला, ही त्याची दुसरी चूक.

पहाटे, उजेड फुटायच्या सुमाराला, आईने दरवर्षीप्रमाणे हात-पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि पडवीतल्या विजेच्या पेटीतला मुख्य खटका खाली पाडला. तिच्या घरात न्येपीला दिवे मालवायचे म्हणजे दिव्यांनाही मोह नको, मुळातूनच बंद. काडेक त्या खटक्याच्या आवाजाने जागा झाला. क्षणभर त्याला बरे वाटले, की न्येपी लागली. दुसऱ्या क्षणी तो मागच्या खोलीत धावला. लॅपटॉपचा पडदा उघडला. काळा. बॅटरी त्यानेच काढून ठेवली होती.

"मेमे!" तो कुजबुजत ओरडला, कारण न्येपीला मोठ्याने ओरडताही येत नाही.

"काय रे?" तीही कुजबुजली.

"अर्ध्यात तुटलं ना!"

"उद्या पुढचं कर म्हणावं त्याला. आज त्यालाही सुट्टी."

आता काय करणार? वीज लावायची नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. फोनवरचे नेटसुद्धा सबंध बेटावर बंद, म्हणजे कुणाला विचारायचीही सोय नाही. रस्त्यावरून फक्त पहारेकऱ्यांच्या चपला वाजत गेल्या. एरवी मोटरसायकलींच्या आवाजात बुडालेली गल्ली इतकी शांत झाली, की तीन घरे पलीकडचे कोंबडे कोंडा टोचत होते तेही ऐकू येत होते.

काडेक पडवीत बसला. मांडीवर मिटलेला लॅपटॉप. सुरुवातीला रागाने, मग धास्तीने, आणि दुपारपर्यंत नुसताच. आई शेजारी येऊन बसली.

"फार मोठं काही आहे का त्यात?" तिने हळूच विचारले.

त्याने रेगिग आजोबांचे सांगितले. आईने बोटांवर वर्षे मोजली. मग म्हणाली, "रेगिग होय! लग्नाआधी मी विहिरीवर गेले की हा नेमका तिथून ढोल वाजवत जायचा. कुठल्या उत्सवाचा ढोल विचारलं तर पळायचा."

"मेमे!"

"काय मेमे? ढोल चांगला वाजवायचा." आणि ती तोंडावर हात धरून बिनआवाजाचे हसली. तिला पाहून काडेकलाही हसू फुटले. न्येपीच्या शांततेत दोघे मायलेक खांदे हलवत बसले.

हसून झाले आणि काडेकचे डोके मोकळे झाले. खरे तर इतका सलग वेळ त्याला कधी मिळतच नाही. दुकानात एका यंत्राचा विचार करावा तर दुसऱ्याचे गिऱ्हाईक उभे असते. आज हात बांधलेले, विचार तेवढा मोकळा. यंत्राच्या आत काल काय काय झाले असेल, ते तो डोळे मिटून एकेक पायरी बघू लागला. जुनी व्यवस्था मोडायच्या आधी यंत्राने रेंतीचे सामान बाजूला काढले असणार. कुठे? त्याच डिस्कवर. त्याच डिस्कवर सामान हलवायचे तर यंत्र पोती उचलत नाही, फक्त कोठारावरची पाटी बदलते. पोती जिथल्या तिथे. मग खटका पडला तेव्हा फार तर पाटी अर्धवट लिहायची राहिली असेल. आजोबा घरातच आहेत, फक्त दारावर नाव नाही.

त्याचा ओठ सुटला. आईने ते बघितले आणि काही न विचारता झाकलेला भात वाढला.

दुसरा दिवस माफीचा. न्येपी सरली की सगळे ठेवणीतले कपडे घालतात, घरोघर जातात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. खटका वर गेल्याबरोबर काडेक लॅपटॉपपुढे बसला होता. बनवणाऱ्याचे नाव आले, ठिपके फिरले, निळा पडदा आला, व्यवस्था सापडत नाही म्हणाला आणि विझला. दुसऱ्यांदा तर निळा पडदाही नाही, काळ्यावर एक पांढरी ओळ. काडेकने वायर काढली, चालूचे बटण बराच वेळ दाबून धरले, परत लावली. तेच. तो झिजलेल्या स्क्रूकडे रोखून बघत होता, तेवढ्यात दाराशी रेंतीचा आवाज आला. मागे ताफ्यातल्या पाच-सहा बायका, हातात जाजाची टोपली.

काडेकने लॅपटॉपचा पडदा घाईने मिटला. मग त्याला एकाएकी एक युक्ती सुचली. तो पडवीत आला आणि हात जोडून खाली वाकला.

"म्बोक रेंती, कळत-नकळत माझ्या हातून काही चुकलं असेल तर मनापासून क्षमा करा."

"केली, केली. आमचंही चुकलं असेल, तुम्हीही करा. जाजा घ्या."

"सगळ्याची केली ना?"

"सगळ्याची."

"मागच्या वर्षातल्या?"

"केली हो!"

"परवाचं काही असलं तर?"

रेंतीने टोपली खाली ठेवली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, कशाची मागतोय ते आधी विचार तरी! मग दे."

मग काडेकने सगळे सांगितले. स्क्रू, राक्षसाचा डोळा, न काढलेली प्रत, पहाटेचा खटका. काही लपवले नाही. त्याच्या दुकानात बाकावर बसणाऱ्यांना सगळे सांगायला अर्धा पेला कॉफी लागते. याला एक घोटही लागला नाही.

आई हात पुसत बाहेर आली. "खटका मी पाडला. त्याला बोलू नकोस."

"तुम्ही बरोबरच केलंत, मेमे," एक बाई म्हणाली. "न्येपीला यंत्र चालू ठेवतं का कुणी?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणे, ते काम करतंय, मी नाही."

"अगं बाई! असं म्हणाले?"

रेंती पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता आणि ती बोलत नव्हती. तिला गप्प बसलेली काडेकने आजवर कधी पाहिलेली नव्हती. तेच त्याला जास्त लागले. अखेर ती म्हणाली, "माफी दिली ती दिली. आता परत घेता येत नाही. पण ब्ली, आजोबा दिसल्याशिवाय मी इथून उठायची नाही."

"मीही नाही," दुसरी म्हणाली, आणि सगळ्याच बसल्या. माफीच्या फेरीला निघालेला ताफा पहिल्याच घरात अडकला.

काडेकने लॅपटॉप पडवीतच आणला. कामाला बसताना आसपास इतकी माणसे असण्याची त्याला सवय नव्हती. त्याने चालूचे बटण दाबले आणि लगेच वरच्या ओळीतली एक कळ टकटक दाबत राहिला. पडद्यावर राखाडी रंगाची यादी आली.

"हे काय?" मागून प्रश्न.

"याला काय काय जोडलंय ते हा स्वतः सांगतो. डिस्क जिवंत आहे का बघू." त्याचे बोट यादीवरून खाली सरकले आणि थांबले. "आहे. डिस्क आहे."

"म्हणजे आजोबा आहेत?"

"घर आहे. आजोबा बघू."

मग त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. परवाच्या घाईत तो त्याला आठवलाच नव्हता. त्यात दुसरीच, पूर्ण व्यवस्था भरलेली होती. यंत्र तिच्यावर उठते आणि आजारी डिस्कला हात लागत नाही. सावकाश, फार सावकाश, एक परका पडदा उजळला. बायकांनी हुश्श केले.

"उठला!"

"उठला नाही. उसन्या पायांवर उभा राहिलाय," काडेक म्हणाला.

त्याने डिस्क उघडली. रेंतीच्या नावाचा कप्पा उघडला. रिकामा. आतले सगळे कप्पे नवे कोरे, एकातही काही नाही. रेंतीने आपल्या कमरेच्या शेल्याचे टोक घट्ट धरले.

पण काडेकचा ओठ सुटलेलाच राहिला. हा कप्पा नवा आहे, हे त्याला न्येपीच्या दिवशीच माहीत झाले होते. नव्या घरात जुनी पोती कशी असतील? नावाने शोधायचेच नाही, कारण पाट्या अर्धवट आहेत. शोधायचे वजनाने. चित्रणे म्हणजे जड माल. त्याने लपलेले कप्पेही दाखवायला सांगितले आणि सबंध डिस्कवर मोठ्यात मोठ्या फायली शोधायला लावल्या.

"वजनाने शोधतोय," तो म्हणाला. "आजोबा जड असतील ना?"

"छे हो! काटकुळे होते," रेंती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा तिचा वाटला.

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. आधी व्यवस्थेचा स्वतःचा भला मोठा कचरा. मग, अगम्य अक्षरे आणि आकडे असलेल्या एका लपलेल्या कप्प्यात, एकाखाली एक, साधारण सारख्या वजनाच्या बारा फायली. काडेकने पहिलीवर बोट ठेवले. सगळ्या पुढे झुकल्या. आईसुद्धा झारा हातात धरून दाराशी उभी.

चित्र आले. एका बाईचा खांदा, तिच्यापुढे पितळी पट्ट्यांचे वाद्य, आणि पलीकडे उघड्या अंगाचे, काटकुळे रेगिग आजोबा. त्यांनी हातोडी उचलली, समोरच्या बाईकडे बघितले आणि खेकसले, "बोटांना मेंदी लावलीय का? उचल हात!"

पडवीत एकदम कल्लोळ झाला. जिचा खांदा होता ती बाई पडद्याला हात जोडून "लावली नाही हो, पेकाक, लावली नाही!" म्हणत होती आणि डोळे पुसत होती. रेंती उठली, काडेकच्या पाठीत दणकन धपका घातला, आणि पुन्हा बसली. काडेकने बाराच्या बारा फायली उघडून पाहिल्या, आणि एक तेवढी शेवटाकडे जराशी खरखरली. मग, कुणी काही म्हणायच्या आधी, त्याने त्यांची प्रत काढली. एक स्वतःच्या डिस्कवर, आणि एकेक करून पडवीतल्या प्रत्येक फोनमध्ये. आईकडे साधा फोन होता. त्यात मावणार नाही म्हटल्यावर ती नाराज झाली.

"म्बोक, आता लॅपटॉप माझ्याकडे सोडा. याला अजून स्वतःच्या पायावर उभा करायचाय."

"उद्या," रेंती म्हणाली. "फोनवर बोटं कशी दिसणार? आज हाच पाहिजे."

मग जे झाले ते बघायला सगळी गल्ली गोळा झाली. ताफ्याची वाद्ये समोरच्या सभामंडपात असतात. लॅपटॉपला बॅटरी नाही, म्हणून काडेकने दोन लांब वायरी एकमेकींना जोडल्या, कुंपणावरून नेल्या आणि गल्ली ओलांडून मंडपात पोचवल्या. लॅपटॉप मधोमध उंच ठेवला. बायका ठेवणीतल्या कपड्यांतच वाद्यांपुढे बसल्या. माफी मागायला निघालेली माणसे ताफ्यापाशी थांबली आणि तिथेच एकमेकांची माफी मागून मोकळी झाली.

अडचण एकच. मोठी गाँग वाजवणारी विदारी माहेरी गेली होती.

"ब्ली काडेक बसतील," रेंती म्हणाली.

"मी? मला नाही येत!"

"बसा हो. नुसती प्रत्येक फेरीच्या शेवटी एकदा मारायची. बारा फायली शोधल्या, एक ठोका नाही सापडणार?"

त्याला टोलवताच आले नाही. शिवाय एव्हाना त्याच्या हातात कुणीतरी तिसरी जाजा दिली होती. तो खात खात गाँगपाशी बसला. पडद्यावर आजोबांनी शेवटचा भाग सुरू केला. बायकांचे हात धावू लागले. हातोड्यांचा पाऊस पडला, पितळ तापले, अंगणातली कुत्री उठून उभी राहिली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत काडेक बायकांच्या बोटांकडे बघत राहिला. किती वेगाने, किती सारखी ती चालली होती! ठोक्याची जागा आली आणि निघून गेली.

नेमक्या त्याच ठिकाणी, वर्षापूर्वीच्या त्या दुपारी विदारीही चुकली असणार. कारण पडद्यावर आजोबांनी हातोडी थांबवली, मान वळवली आणि गरजले, "गाँगवर कोण बसलंय? पोट भरलंय वाटतं!"

अर्धी जाजा हातात धरलेला काडेक जागच्या जागी थिजला. मग सबंध मंडप हसून आडवा झाला. एकीच्या हातातून हातोडी निसटून घरंगळली. पलीकडे पडवीत त्याची आई खांबाला धरून हसत होती, या वेळी मोठ्याने.

"चुकलं, पेकाक," काडेक पडद्याला म्हणाला आणि जाजा तोंडात कोंबली.

"मग परत पहिल्यापासून," आजोबा पडद्यावर म्हणाले. काडेकने दोन्ही हातांनी गाँगची हातोडी उचलली.